पटनोंदणी, पाण्याचा फिल्टर आणि लोखंडी नांगर



एप्रिल आला की आपल्या पिशवीत वह्यांच्या जागी पाण्याची बाटली, सर्वेक्षणाचा तक्ता आणि शाळेची माहितीपत्रकं येतात. सकाळची शाळा सुटली की डोक्याला रुमाल बांधायचा आणि पटनोंदणीला निघायचं. या वर्षी पहिल्या तीन दिवसांत मी आणि माझ्या सहकारी मॅडमनी रावेतमध्ये ४१ दारं वाजवली. पहिलीत घालण्याच्या वयाची ९ मुलं सापडली. त्यातल्या एकाच पालकाने नाव लिहू दिलं, आणि तेही "बघू सर, नक्की सांगत नाही" असं म्हणून.

मॅडम नव्याने रुजू झालेल्या. तिसऱ्या दिवशी मुकाई चौकात उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. म्हणाल्या, "सर, मी डी.एड. शिकवण्यासाठी केलं. हे असं दारोदार फिरायला नाही. लोक बोलणं पूर्ण व्हायच्या आत दार लावतात. आपण भीक मागायला आलोय असं वाटतं."

मी तेव्हा काहीच बोललो नाही. एक तर ऊन फार होतं. दुसरं म्हणजे असल्या वेळी उपदेश केला की समोरचा माणूस आणखी खचतो, हा माझा स्वतःचा अनुभव. पण ते उत्तर माझ्याकडे राहून गेलं होतं, म्हणून इथे लिहितोय. आपल्यापैकी पुष्कळ जण याच दिवसांत याच पायऱ्या चढत असणार.

मॅडमना एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाने चार वर्षं खरोखर दारोदार माल विकलेला आहे.

माझं डी.एड. २०१० चं, लातूरकडचं. आमच्या बॅचला वाटलं होतं, निकाल लागला की सहा महिन्यांत शिक्षणसेवक. पण त्यानंतर भरती बरीच वर्षं अडकून पडली. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, आणि मधल्या काळात आमच्यातले कितीतरी जण मिळेल ते काम करत राहिले. कुणी शेती, कुणी पतसंस्थेची पिग्मी, कुणी चाकणला कंपनीत कंत्राटी. मी चुलतभावाच्या खोलीवर चिंचवडला आलो आणि पाण्याचे फिल्टर विकायला लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. पगार थोडा, बाकी सगळं कमिशनवर.

दिवसाला साठ दारं वाजवायची असा नियम होता. त्यातली निम्मी उघडायचीच नाहीत. उघडलेल्यांपैकी पाच-सहा जण ऐकून घ्यायचे, एखाद्याकडे डेमो व्हायचा, आणि आठवड्यात दोन विक्रया झाल्या की आम्ही वडापाव खाऊन साजरं करायचो. लोक म्हणायचे, "अहो, पवनेचं पाणी आहे आमचं, शुद्ध होऊन येतं. फिल्टर कशाला?" पालिका रावेतच्या बंधाऱ्यावरूनच पाणी उचलते, हे मला तेव्हा कळलं. आज मी त्याच बंधाऱ्याच्या गावात शिकवतो, हा योगायोग म्हणायचा.

पहिले दोन महिने मला प्रत्येक "नाही" स्वतःच्या तोंडावर मारल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी खोलीवर येऊन भावाशीही बोलायचो नाही. एकदा प्राधिकरणातल्या एका आजोबांनी दार लावण्याआधी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाळा, मला फिल्टर नकोय. तू नकोयस असं नाही." एवढं साधं वाक्य, पण त्याने मला पुढची तीन वर्षं तगवलं.

मात्र त्या कामातली एक गोष्ट आजही टोचते. आम्हाला एक उपकरण दिलेलं होतं. दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. दोन्हींत धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडायची. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ व्हायचं, वर फेस यायचा. फिल्टरचं पाणी स्वच्छच. घरातल्या बाईंचा चेहरा पांढरा पडायचा. "हेच पाणी मुलं पितात ताई," असं म्हणायला आम्हाला शिकवलेलं होतं.

मी विज्ञान थोडंफार शिकलेलो. एका रात्री खोलीवर फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग केला. तेही तसंच तपकिरी झालं! घाण पाण्यातली नव्हतीच. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंडी सळी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. फिल्टरमधून क्षार निघून गेलेले असतात, म्हणून तिथे वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. म्हणजे आम्ही लोकांना आमचीच सळी पाजून घाबरवत होतो. मी ते उपकरण पुढे वापरलं नाही. विक्री घटली, साहेबांची बोलणी खाल्ली आणि वर्षभरात ते काम सुटलं. (हा प्रयोग मी आता मुलांना वर्गात सांगतो. मुलं घरी जाऊन आईला सांगतात. एखाद्या विक्रेत्याचं नुकसान झालं असेल तर माफी.)

हे सगळं आठवायचं कारण असं, की पटनोंदणीला फिरताना तसलीच सळी आपल्याही हातात येते. "इंग्रजी शाळेत पोरं पोपट होतात", "तिथे फी घेऊन लुबाडतात", "मातृभाषा सोडलीत तर लेकरू कुठलंच राहणार नाही". पालकांना घाबरवलं की एखादं नाव मिळतंही. पण ते पालक जूनमध्ये पहिली पालकसभा होईपर्यंत टिकत नाहीत.

आता थोडं पटाबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे ६१ वं मूल गेलं की एक शिक्षकच जातो. तो अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं आणि राहिलेल्या दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पालकांना माहीत नसतं असं आपण समजतो, पण त्यांनाही माहीत असतं. पुनावळ्याच्या बाजूला एका रिक्षावाल्या दादांनी मला सरळ विचारलं, "सर, खरं सांगा. माझ्या पोराच्या भल्यासाठी आलाय की तुमची नोकरी वाचवायला?"

मॅडम चपापल्या. मी म्हणालो, "दोन्ही." दादा हसले. म्हणाले, "बसा मग, चहा घ्या." मुलगा त्यांनी इंग्रजी शाळेतच घातला, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये मी मॅडमना एका नांगराची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण आपल्या धंद्याशी तिचा जवळचा संबंध आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर तिथे रंगच नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये चक्क शिक्षक झाले. हक्काची बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि भावाबरोबर बेळगावला सायकलींचं दुकान काढलं. सायकल विकायची आणि ती चालवायला शिकवायचे १५ रुपये वेगळे, असं सांगतात. मास्तरकी काही सुटत नाही बघा!

पुढे कडबा कापायची यंत्रं आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर बनवला. शेतकरी घ्यायला तयार होईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट आपण भाषणात सांगतो तेव्हा "अडाणी शेतकरी आणि जिद्दी उद्योजक" अशी सांगतो. मला आता ती तशी सांगवत नाही. शेतकऱ्याच्या घरचा असल्याने असेल. त्या काळचा लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यावर करून द्यायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा, पैसे लागायचे नाहीत, सुगीला धान्य दिलं की झालं. लोखंडी नांगर रोख पैसे देऊन घ्यायचा. ऐन नांगरटीत मोडला तर गावातल्या सुताराला तो कळणार नाही. नांगरट चुकली की वर्ष गेलं. मग माणूस "विष चढतं" म्हणून मोकळा होतो. खरी भीती सांगायला लाज वाटते, म्हणून दुसरंच काहीतरी सांगतो. आपल्याकडे "घरी विचारून सांगतो" म्हणतात, तसंच.

दोन वर्षं एकही नांगर न विकला जाता तो माणूस काय करत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. एवढं नक्की की नांगर बनवणं त्यांनी थांबवलं नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. (हे औंध सातारा जिल्ह्यातलं. आपल्या औंध-रावेत रस्त्याचं नव्हे. मुलं दरवेळी गोंधळतात.) निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून ते नांगर गावोगाव गेले.

हे नांगर घेऊन खेडोपाडी फिरणाऱ्या विक्रेत्यांमध्ये एक होते भाऊराव पाटील. हो, आपले कर्मवीर अण्णा. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोजचा. मॅडमना हे माहीत नव्हतं. मलाही डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला रयत शिक्षण संस्थेच्या स्थापनेचं साल पाठ होतं, १९१९, कराडजवळचं काले गाव. त्याआधी हा माणूस शेतकऱ्यांच्या दारात उभा राहून "हा नांगर घेऊन तर बघा" म्हणत होता, हे कळलं तेव्हा मला फिल्टरची ती चार वर्षं वाया गेली असं वाटेनासं झालं. मी माझी तुलना त्यांच्याशी करत नाही. पण दार तेच होतं ना!

पुढे त्याच दारांत ते मुलं मागायला गेले. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवणार, हे ऐकून किती घरांतून नकार आला असेल याची कल्पना आपण करू शकतो. वसतिगृह चालवायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते मुलांसाठी गोळा करायचं, तो मुष्टी फंड. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं. ज्या बाईला पोरगं बोर्डिंगात पाठवणं जमत नाही, तिला मूठभर ज्वारी देणं जमतं. पिंपरीतलं महात्मा फुले महाविद्यालय रयतचंच. आपल्या पालकांपैकी काही तिथे शिकलेले निघतात, विचारून बघा.

एवढं बोलून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "छान आहे सर. पण आज कुठून सुरुवात करायची?"

बरोबर विचारलं त्यांनी. गोष्टीने पट वाढत नाही.

आम्ही एक साधी वही केली. दर नकारापुढे कारण लिहायचं. त्यांनी सांगितलेलं, आणि आपल्याला दिसलेलं. तक्त्यात ही जागा नसते, तिथे फक्त "इच्छुक / अनिच्छुक". दोन आठवड्यांत वही भरली तेव्हा बरंच काही कळलं. इंग्रजीचं कारण सगळ्यांत जास्त, ते अपेक्षितच होतं. पण बऱ्याच घरांत अडचण होती रस्ता. शाळेला यायचं तर भरधाव रस्ता ओलांडावा लागतो आणि आई-वडील दोघंही आठला कामावर. काही जणांकडे जन्मदाखला नव्हता आणि त्यांना कुणीतरी सांगितलेलं की दाखल्याशिवाय प्रवेशच नाही. खरं म्हणजे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच आहे ते. अशा चार घरी आम्ही परत गेलो. तीन नावं आली. चार मुलांच्या घराजवळून शाळेतच येणाऱ्या एका स्वयंपाकी मावशी निघाल्या, त्यांनी मुलांना बरोबर आणायचं कबूल केलं. इंग्रजीवाल्यांना आम्ही वाद न घालता वर्गात येऊन बसायला बोलावलं. सहा जणांना बोलावलं, दोन आले, एकाने नाव घातलं.

टॉवरच्या एका गेटवर तर गंमतच झाली. वॉचमन दादा म्हणाले, "ॲपवर एन्ट्री आहे का? सेल्सवाल्यांना सोडत नाय." मी सवयीने वळलो होतो. मॅडमच थांबल्या. म्हणाल्या, "दादा, तुमची मुलं कुठे शिकतात?" एक गावाकडे आजीजवळ, एक इथेच, पत्र्याच्या खोलीत, दिवसभर मोबाइलवर. त्या मुलाचं नाव आज आमच्या पटावर आहे. त्या टॉवरमध्ये मात्र आम्ही अजून शिरलेलो नाही.

पुढे मॅडमचा आवाज बदलला, एवढं मला जाणवलं. आधी त्या दार उघडताच सगळं पाठ केल्यासारखं सांगायच्या, मोफत पुस्तकं, गणवेश, पोषण आहार, सेमी इंग्रजी. आता आधी विचारतात, "लेकरू कितवं वरीस लागलं?" अर्ध्या लोकांचं उत्तर अजूनही नाहीच असतं. काही दिवस तर एकही नाव येत नाही. अशा दिवशी आम्ही दोघं फारसं बोलत नाही, रस पितो आणि घरी जातो. हसत राहावं, सकारात्मक राहावं वगैरे मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलणं जमतं.

एका साइटवर मात्र मी चार वेळा गेलो. इमारतीचं काम चाललेलं, मागे पत्र्याच्या शेड. हिंगोलीकडचं कुटुंब. मुलगी सात वर्षांची, कडेवर सतत धाकटा भाऊ. पहिल्यांदा बाप म्हणाला, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाला, "पोरीच्या शाळेनं काय व्हायचंय सर." मी वहीत दोन्ही लिहिलं, आणि पलीकडच्या रकान्यात लिहिलं, धाकट्याला कोण बघणार? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जवळच्या अंगणवाडीतल्या ताईंना बरोबर घेऊन गेलो. त्या धाकट्याचं नाव लिहायला तयार होत्या. बाप गप्प राहिला. आई मात्र भांडी घासता घासता म्हणाली, "पावसाळ्यानंतर बघा." पोरगी मात्र माझ्या हातातलं माहितीपत्रक घेऊन त्यावरची चित्रं धाकट्याला दाखवत होती.

चौथ्यांदा, शाळा सुरू झाल्यावर गेलो, तर शेड रिकामी. मुकादम म्हणाला, काम संपलं, चाकणकडे गेले, कुठं ते माहीत नाही. माझा नंबर त्या पत्रकावर होता, एवढंच.

जुलैच्या शेवटी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी वर्गात होतो, उचलला नाही. सुट्टीत परत केला. तोच बाप. मागे मोठ्या मिक्सरचा आवाज. म्हणाला, "सर, ते तुमच्यावाल्या शाळेसारखी हितं शाळा कुठंय हो? पोरगी कागद घेऊन मागं लागलीय." मी गावाचं नाव विचारलं. तालुक्यातल्या एका डी.एड.च्या मित्राचा नंबर दिला, दाखला नसला तरी चालतो हे दोनदा सांगितलं, अंगणवाडीचंही सांगितलं. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

आमच्या पटावर ती आली नाही. मित्राला मी दोनदा विचारलं, अजून कुणी आलेलं नाही म्हणाला. वहीत तिच्या नावापुढे मॅडमनी "स्थलांतरित" लिहिलं होतं. मी ते खोडून "फोन करणे" असं लिहिलंय. रविवारी मित्राकडे जाऊन येईन म्हणतो.